बंदुकीचा पट्टा

शस्त्रांविषयीं आमच्या वाङ्मयांत कमी लिहिलें गेलेलें नाहीं. तरवारीचें पाणी, भाल्याचा फाळ, धनुष्याचा टणत्कार यांचीं वर्णनें शाहिरांपासून कादंबरीकारांपर्यंत सर्वांनीं केलीं आहेत. परंतु शस्त्र ज्याच्या आधारानें माणसाच्या अंगावर राहतें, त्या म्यानाकडे, कमरबंदाकडे किंवा पट्ट्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. खंडेनवमीच्या दिवशीं ज्या घरीं वाडवडिलांची बंदूक असेल, त्या घरीं ती पुसून, तेल देऊन पाटावर मांडतात व तिला गंधफूल वाहतात. पण तिच्या चामडी पट्ट्याला कोणीं निराळें फूल वाहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. वास्तविक ज्यांना बंदूक वागवावी लागते, त्यांच्या जवळ ती असतांनाचा बहुतेक काळ ती या पट्ट्यावरच लटकत असते. ती खांद्याशीं लावून नेम धरण्याचा प्रसंग क्वचित् येतो, आणि पुष्कळांच्या आयुष्यांत तो कधींच येत नाहीं.

हा विषय आमच्या डोक्यांत शिरण्याचें कारण अगदीं घरगुती आहे. आमचा एक भाचा गेलीं कित्येक वर्षें अमेरिकेंत, टेक्सस राज्यांत, राहतो व आतां तेथील नागरिक झाला आहे. त्याला दोन मुली. धाकटी तीन वर्षांची. मागल्या वर्षीं त्याच्या शेजारच्या घरांत रात्रीं चोर शिरले. कोणास इजा झाली नाहीं, पण सगळ्या गल्लीची झोंप उडाली. त्यानंतर आमच्या भाच्यानें बारा बोअरची एक बंदूक विकत घेतली. ती घेतांना त्यानें आम्हांस विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर आम्हीं काय सांगितलें असतें हें तो जाणून होता. परंतु बंदूक घरांत आल्यावर तिला पट्टा कोणता लावावा, या प्रश्नानें तो गोंधळला आणि त्यानें आम्हांस लिहिलें, "मामा, दुकानांत एक भिंतच्या भिंत पट्ट्यांची आहे, आणि जवळजवळ प्रत्येकावर 'टॅक्टिकल' असा शब्द छापलेला आहे. बंदूक पसंत करायला मला एक दुपार लागली. पट्ट्याला तीन आठवडे झाले, अजून ठरत नाहीं. तुम्ही हसाल."

आम्ही हसलों हें खरें. बंदुकीशीं आमचा संबंध कॉलेजांत असतांना एन्. सी. सी. च्या मैदानावर पालथें पडून पांच गोळ्या झाडण्यापुरता. आणि त्या पांचांपैकीं किती कोठें गेल्या, हें आमच्या हवालदारांनीं सौजन्यानें सांगितलें नाहीं. तथापि हसूं ओसरल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, भाच्याचा गोंधळ मूर्खपणाचा नव्हता. बंदूक घ्यावी कीं न घ्यावी, या प्रश्नावर लोक दोन्ही बाजूंनीं मोठ्यानें बोलतात. पण घेतलेली बंदूक उरलेल्या सर्व वेळीं कोठें असावी, अंगाच्या पुढें कीं मागें, हाताशीं कीं हातापासून दूर, हा त्याहून लहान दिसणारा प्रश्न आहे. आणि नीतीच्या दृष्टीनें तोच अधिक अवघड आहे, असें आम्हांस वाटूं लागलें.

वाचकांपैकीं फार थोड्यांस या वस्तूचा परिचय असेल, म्हणून तिच्या जाती प्रथम थोडक्यांत सांगतों. सर्वांत जुनी जात दोन टोकांची. पट्ट्याचें एक टोक दस्त्याजवळ व दुसरें पुढें नळीच्या बाजूस अडकविलेलें असतें. फौजांनीं शतकानुशतकें वापरला तो हाच. अशा पट्ट्यानें बंदूक खांद्यावर टांगतां येते, छातीवर आडवी ठेवतां येते किंवा पाठीवर सारतां येते. अलीकडच्या पट्ट्यांत एक सरकती कडी असते. ती एका हातानें ओढली कीं पट्टा सैल होतो व बंदूक खांद्यापर्यंत उचलतां येते, आणि उलट ओढली कीं पट्टा आवळून बंदूक अंगाला चिकटून बसते. दुसरी जात एका टोकाची. गळ्यांतून व एका काखेखालून जाणारा एक फांस असतो आणि त्याला बंदूक दस्त्याजवळ एकाच ठिकाणीं जोडलेली असते. हात सोडला कीं ती नळीचें तोंड खालीं करून पोटापुढें लोंबते. हात घातला कीं क्षणांत वर येते. या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणें फार सोपें, मोटारींत किंवा अरुंद जागेंत सोयीचें. मात्र धांवूं लागलें कीं ती गुडघ्यांवर आपटते, वांकलें कीं नळी जमिनीला टेकते, आणि पाठीवर तर ती नीटशी जातच नाहीं. तिसरी जात तीन टोकांची. अंगाभोंवतीं एक वेढा आणि बंदुकीच्या लांबीला समांतर एक पट्टी, अशी तिची रचना असते. मागल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पोलिसांच्या खास तुकड्यांत हिचा बराच प्रसार होता. पण गुंता फार आणि अंगांतून काढणें कटकटीचें, म्हणून ती आतां मागें पडली आहे.

मालमसाल्याचा प्रश्न यापुढें फारसा कठीण नाहीं. चामडें सुंदर दिसतें, पण पावसांत फुगतें आणि उन्हांत तडकतें. सुती पट्टा पाणी पितो. नायलॉन हें द्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३५ सालीं प्रथम तयार झालें. तें कुजत नाहीं आणि लवकर वाळतें, परंतु अरुंद असलें तर मानेला कांचतें. चार तास तीनचार किलोंचें ओझें एक इंच रुंदीच्या पट्टीवर वागवून पाहावें, म्हणजे मानेजवळच्या गादीला पैसे कां मोजतात हें कळतें. कडी दाबून सुटणारी असावी, शिवण दुहेरी असावी, लोखंड लोखंडावर वाजूं नये. इतकें कोणताही प्रामाणिक दुकानदार सांगेल. येथपर्यंतची निवड सोयीची आहे. पुढची तशी नाहीं.

पट्ट्याचा आणखी एक उपयोग आहे, तो येथेंच सांगितला पाहिजे. अमेरिकन सैन्यानें १९०७ सालीं आपल्या रायफलींसाठीं एक चामडी पट्टा स्वीकारला. त्याचा फांस डाव्या दंडांत चढवून आवळला म्हणजे बंदुकीचें वजन स्नायूंऐवजीं हाडें आणि चामडें पेलतात; स्नायु थकतात व थरथरतात, हाड थरथरत नाहीं; त्यामुळें नेम स्थिर होतो. ओहायो राज्यांत कँप पेरी येथें त्याच सालापासून राष्ट्रीय नेमबाजीचे सामने होत आले आहेत आणि तेथें जुन्या रायफलींबरोबर हा पट्टा अद्याप दिसतो. म्हणजे ज्याला आपण नुसतें ओझें वाहण्याचें साधन समजतों, तें गोळी मारण्याचेंही साधन आहे.

इंग्रजी भाषेनें ही दुहेरी प्रकृति एका शब्दांत फार चमत्कारिक रीतीनें सांठवली आहे. या पट्ट्याला ते लोक 'स्लिंग' म्हणतात. आपल्याकडे ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभा राहून पोरगा पाखरांवर जी गोफण फिरवतो, तिलाही ते 'स्लिंग'च म्हणतात. आणि हात मोडला म्हणजे वैद्य तो ज्या झोळींत घालून गळ्याशीं बांधतो, ती झोळी देखील 'स्लिंग'च. एक दगड फेंकण्यासाठीं, एक दुखरा हात विसावण्यासाठीं. मग बंदुकीचा पट्टा यांपैकीं कोणाचा भाऊ? तो गोफणीच्या कुळांतला कीं झोळीच्या? आमच्या भाच्याला तीन आठवडे छळणारा प्रश्न, त्याच्या नकळत, हाच होता असें आम्हांस वाटतें.

आतां त्या दुसऱ्या शब्दाकडे वळूं. 'टॅक्टिकल' हा शब्द मूळ ग्रीक भाषेंतला असून त्याचा अर्थ 'रचनेसंबंधीं' असा आहे. सेनापतीनें माणसें कोठें उभीं करावीं, कोणास पुढें घ्यावें, कोणास राखून ठेवावें, ही जी मांडणीची विद्या तिचें हें नांव. सैनिक किंवा पोलीस शिपाई बंदूक पोटापुढें लोंबती ठेवतो तेव्हां तो एका मोठ्या मांडणीचा अंश असतो. त्याच्या डाव्या बाजूस कोण आहे हें त्याला ठाऊक असतें. गोळी केव्हां झाडावी आणि केव्हां झाडूं नये याचे नियम त्याला शिकविलेले असतात. 'आतां पुरे' म्हणणारा अंमलदार त्याच्या मागें असतो. आणि चुकल्यास जाब विचारणारी चौकशी त्याच्या पुढें असते. त्याचा हात क्षणार्धांत बंदुकीवर जावा हें योग्य आहे, कारण त्या हाताभोंवतीं अनेक दुसऱ्यांचे हात आहेत. गृहस्थ तोच पट्टा दुकानांतून घरीं आणतो तेव्हां त्याला पट्टा मिळतो, मांडणी मिळत नाहीं. मध्यरात्रीं जिन्यावर उभा असलेला गृहस्थ एकटाच शिपाई, एकटाच अंमलदार आणि एकटाच न्यायाधीश असतो. शिपायाची तत्परता त्याच्या अंगीं आली, पण तिला आंवरणारे सगळे लगाम मागें बराकींतच राहिले, तर त्या तत्परतेला सद्गुण म्हणावें काय?

येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. ते म्हणतात कीं, संरक्षणाचें साधन घ्यावयाचें तर तें हाताशीं असलें पाहिजे. पाठीवर आवळलेली बंदूक सोडवीपर्यंत अनर्थ होऊन जाईल. ज्यानें दुसऱ्यांच्या रक्षणाचा भार घेतला त्याचा गबाळेपणा हा नुसता गबाळेपणा राहत नाहीं, तो अपराध होतो. तयारी म्हणजे हिंसा नव्हे. आगीचा बंब सज्ज ठेवणाऱ्यास आग लावण्याची इच्छा असते असें कोणी म्हणत नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं, हेलर यांच्या दाव्यांत, घरांत स्वसंरक्षणासाठीं शस्त्र बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला आहे. मग हक्क द्यायचा आणि तो बजावण्याची सोय मात्र नाकारायची, हा कोणता न्याय?

यांतील पहिला मुद्दा आम्ही मान्य करतों. गबाळा रक्षक हा संकटांत भर घालतो. परंतु आगीच्या बंबाचा दृष्टांत आम्हांस पटत नाहीं. बंब भिंतीवर टांगलेला असतो. तो छातीवर बांधून कोणी जेवावयास बसत नाहीं. शिवाय बंब हातांत घेतल्यानें माणसाला जिकडे तिकडे धूर दिसूं लागत नाहीं. बंदुकीचें तसें आहे कीं नाहीं, हा खरा वादाचा मुद्दा आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १८८४ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, भीति वाटते म्हणून आपण थरथरतों असें नव्हे, तर शरीर थरथरतें त्याचीच जाणीव म्हणजे भीति. हा सिद्धान्त जसाच्या तसा आज कोणी मानीत नाहीं. पण अंगाची ठेवण मनाची ठेवण घडविते, एवढा त्यांतील अंश आपल्याकडील आसनें शिकविणाऱ्या गुरूंसही अमान्य होणार नाहीं. १९६७ सालीं बर्कोविट्झ आणि लपाज या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं विस्कॉन्सिन येथें एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांस आधीं चिडविलें आणि मग चिडविणाऱ्यास विजेचे सौम्य धक्के देण्याची मुभा दिली. ज्यांच्या समोर टेबलावर बंदूक व पिस्तूल पडलेलें होतें त्यांनीं, ज्यांच्या समोर बॅडमिंटनच्या रॅकेटी होत्या त्यांच्यापेक्षां, अधिक धक्के दिले. हा प्रयोग पुढें पुष्कळांनीं करून पाहिला. कित्येकांस तेंच आढळलें, कित्येकांस आढळलें नाहीं. म्हणून त्यावर आम्ही फार भार देत नाहीं. परंतु भाच्यानें आपण होऊन लिहिलेलें एक वाक्य आम्हांस कोणत्याही प्रयोगापेक्षां अधिक बोलकें वाटलें: "दुकानांत तो एका टोकाचा पट्टा घालून पाहिला. बोलतांना माझा उजवा हात आपोआप मुठीवर जाऊन बसत होता, हें मला समोरच्या आरशांत दिसलें."

ज्या साधनाचा उपयोग क्वचित् व्हावयाचा त्याची परीक्षा त्या क्वचित् क्षणावरून करावी, कीं उरलेल्या सर्व काळावरून? दुकानदार, जाहिराती आणि आपली स्वतःची भीति ही तिन्ही आपल्याला त्या एका क्षणाकडेच बोट दाखवितात. आंकडे मात्र दुसरीकडे बोट दाखवितात. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें ४८,८३० माणसें मेलीं आणि त्यांपैकीं २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळां नळीचें तोंड बाहेरच्या चोराकडे तर नाहींच, परंतु बाळगणाऱ्याच्या अथवा त्याच्या घरच्या माणसाच्या स्वतःकडेच वळलें होतें. २०२० पासून त्या देशांत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचें पहिल्या क्रमांकाचें कारण बंदूक हेंच झालें आहे. हे आंकडे वाचून कोणी बंदूक घेऊंच नये असा निष्कर्ष काढील, त्याच्याशीं आम्ही भांडणार नाहीं. परंतु ज्यानें घेतली आहे त्यानें निदान एवढें ओळखावें कीं, चोर येण्याची रात्र एखादी आणि मुलें घरांत असण्याचे दिवस हजारों आहेत.

त्या एखाद्या रात्रीचा विचार केला तरी काय दिसतें? घरांतल्या बंदुकीला पट्टा असावा कीं नसावा यावरच जाणत्यांत मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, पट्टा नकोच; अंधारांत तो दाराच्या मुठीला अडकतो, खुर्चीच्या पाठीला गुंततो, आणि अंगावर आलेल्या माणसाच्या हातीं आयता फांस देतो. दुसरा पक्ष म्हणतो, पट्टा हवाच. कारण पोलिसांस फोन कोणत्या हातानें करावयाचा? दिवा कोणत्या हातानें लावावयाचा? रडत उठलेलें मूल कोणत्या हातानें उचलावयाचें? हा दुसरा पक्ष आम्हांस अधिक शहाणा वाटतो. त्याला एक मर्म कळलें आहे: संकटाच्या रात्रीं देखील बरींचशीं कामें रिकाम्या हातांनींच करावीं लागतात. दार उघडून पोलिसांस आंत घेतांना ज्याच्या हातांत बंदूक आहे, त्याला पोलिसांनीं चोर समजूं नये अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

घराबाहेर हाच भेद रस्त्यावर दिसतो. टेक्ससमध्यें लांब नळीची बंदूक उघडपणें घेऊन हिंडण्यास फार पूर्वींपासून मोकळीक आहे. २०१३-१४ च्या सुमारास कांहीं मंडळी आपला हक्क दाखविण्यासाठीं खांद्याला रायफली लावून उपाहारगृहांत जाऊं लागलीं. लोक घाबरले, मालक कंटाळले. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या चालकांनीं सप्टेंबर १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१३ च्या सप्टेंबरांत, गिऱ्हाइकांस जाहीर पत्रानें विनंति केली कीं, कृपा करून बंदुका आणूं नका. त्या राज्याचा कायदा येथें एक बारीक भेद करतो: शस्त्र बाळगणें हा गुन्हा नव्हे, पण लोकांस भय वाटावें अशा बेतानें तें दाखविणें हा गुन्हा आहे. आतां बाळगणें आणि दाखविणें यांतील सीमा कोठें? ती बंदुकींत नाहीं, कारण बंदूक दोन्हीकडे तीच. ती बऱ्याच अंशीं पट्ट्यांत आहे. पाठीवर आवळलेली बंदूक पाहून शेजारच्या टेबलावरची बाई कदाचित् कपाळाला आंठ्या घालील. पोटापुढें लोंबणारी आणि मुठीवर हात असलेली बंदूक पाहून ती मुलांना घेऊन उठेल. तिनें कायदा वाचलेला नसतो, पण अंगाची भाषा तिला वाचतां येते.

पट्ट्याचा आणखी एक अर्थ आपल्या देशांत पाहावयास मिळतो. काश्मीरांत २०१६ नंतर शिपायांच्या हातच्या रायफली हिसकावून नेण्याचे प्रकार वाढले. आपल्याकडे बंदोबस्तावरच्या शिपायाची रायफल कमरपट्ट्याला साखळीनें जखडलेली पुष्कळांनीं पाहिली असेल. ती साखळी शस्त्र चोरीस जाऊं नये म्हणून असते, आणि तिची आवश्यकता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु साखळीला दोन टोकें असतात. रायफल शिपायाला बांधलेली आहे, म्हणजेच शिपाई रायफलीला बांधलेला आहे. त्याला ती खालीं ठेवून पळत्या म्हाताऱ्याला हात देतां येत नाहीं. ज्याच्यावर कर्तव्यानें ही साखळी घातली त्याच्याविषयीं आम्हांस आदर व करुणा दोन्ही वाटतात. जो हौसेनें ती घालून घेतो त्याच्याविषयीं काय वाटावें?

शस्त्राच्या दोनच अवस्था आपण सामान्यतः मानतों: उचललेलें आणि टाकलेलें. कुरुक्षेत्रावर अर्जुनानें धनुष्य टाकलें आणि मग उचललें. साऱ्या उपदेशाचा विस्तार या दोन क्रियांच्या मध्यें झाला. परंतु त्याच भारतांत तिसरी अवस्थाही वर्णिली आहे, तिच्याकडे आमचें लक्ष कमी जातें. अज्ञातवासास निघतांना पांडवांनीं आपलीं शस्त्रें एकत्र बांधून शमीच्या झाडावर ठेवलीं, आणि कोणी जवळ जाऊं नये म्हणून त्या झाडाला एक प्रेत बांधून ठेवलें. तें वर्षभर अर्जुन विराटाच्या मुलीला नाचगाणें शिकवीत होता आणि भीम स्वयंपाक करीत होता. शस्त्र त्यांनीं सोडलें नव्हतें. पण त्यांच्या हातांना दुसरें काम करतां येत होतें, आणि त्या कामांत ते मन लावूं शकत होते. वेळ आली तेव्हां झाडावर चढून शस्त्रें उतरावीं लागलीं. तेवढा उशीर त्यांनीं पत्करला होता. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतों ती याच आठवणीची आहे. आमच्या मतें चांगला पट्टा म्हणजे खांद्यावर वागविलेली शमी होय. शस्त्र टाकून न देतां हातांवेगळें करतां येणें, हा त्याचा धर्म. जो पट्टा शस्त्र हाताशीं आणण्यांत तरबेज, पण हातापासून दूर नेण्यांत असमर्थ, तो कितीही मजबूत असो, अर्धाच पट्टा आहे.

हें सगळें आम्हीं भाच्याला लिहिलें नाहीं. इतक्या लांब उपदेशाची त्या देशांतल्या धांवपळींत कोणास सवड नसते. आम्हीं एवढेंच लिहिलें: "बंदूक रिकामी आहे याची दोनदां खातरी कर. धाकटीच्या वजनाची तांदळाची पिशवी कडेवर घे. मग एकेक पट्टा घालून घरभर हिंड, दिवे लाव, फोन कर, पिशवी या हातावरून त्या हातावर घे. ज्या पट्ट्यांत पिशवी सांभाळतांना बंदुकीचा विसर पडेल, तो घे."

त्याचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. एका टोकाच्या पट्ट्यांत नळीचें तोंड पिशवीच्या खालच्या कोपऱ्यावर, म्हणजे मुलीचे पाय जेथें असावयाचे तेथें, येऊन आपटत होतें. तीन टोकांचा पट्टा पिशवीसकट काढतांच येईना. शेवटीं त्यानें दोन टोकांचा, सरकत्या कडीचा, रुंद गादीचा साधा पट्टा घेतला. कडी एकदां ओढली कीं बंदूक पाठीशीं जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बंदूक आतां लोखंडी कपाटांत कुलुपांत असते, काडतुसें निराळ्या कुलुपांत, आणि पट्टा वेढून तिच्या बाजूला. सूनबाई मात्र म्हणाल्या कीं, घरांत पट्टा घालून हिंडण्याची वेळ येणार असेल तर आपण घरच बदलूं. आणि हें त्यांचें बोलणें आम्हांस आमच्या सर्व विवेचनाहून अधिक विचार करण्याजोगें वाटतें.

पत्राच्या शेवटीं भाच्यानें दोन ओळी लिहिल्या होत्या. "पट्टा उत्तम निघाला, मामा. रात्रीं दोनदां उठून कपाटाचें कुलूप चांचपून पाहतों, तें मात्र अजून सुटलेलें नाहीं." अंगावरचें ओझें पाठीमागें सारण्याची कडी कारागिरांनीं फार चांगली बनविली आहे. मनांतलें ओझें तसें एका ओढीनें मागें सारतां येईल अशी कडी कोणत्या भिंतीवर टांगलेली आहे, हें आम्हांस ठाऊक नसल्यामुळें त्या दोन ओळींचें उत्तर आमच्याकडून अद्याप जावयाचें आहे.